पूरमदतीच्या सरकारी मालवाहतुकीत गाडी कशी लावायची: जयसिंगपूरच्या वाहनमालकाला उत्तर

जयसिंगपूरच्या एका तरुण वाहनमालकाने विचारलं आहे: 'माझ्याकडे दोन आयशर आणि एक दहाचाकी ट्रक आहे. एरवी साखर, पेंड आणि एमआयडीसीतलं कास्टिंग वाहतो. पूर आला की सरकारी मदतीचं धान्य, पाणी, चारा वाहणारा मान्यताप्राप्त वाहतूकदार कसं व्हायचं? यादीत नाव घालून देतो म्हणून एक एजंट २५ हजार मागतोय. या कामासाठी कर्ज काढून चौथी गाडी घ्यावी का?'

आधी एजंटाचं. त्याला एक रुपयाही देऊ नका. पुराच्या वेळी उपयोगी पडणाऱ्या वाहनांची आणि साधनांची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात असते. पावसाळ्याआधी तिच्यावरून पुन्हा हात फिरवला जातो. त्यात तुमच्या गाड्या याव्यात म्हणून तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज द्यायचा असतो, मध्ये कोणी लागत नाही. शिवाय त्या नोंदीचा अर्थ 'या माणसाकडे अशी गाडी आहे' एवढाच. काम मिळेलच असा हक्क त्यातून येत नाही. एजंट जी 'मान्यता' विकतोय, तसलं एखादं प्रमाणपत्र माझ्या २६ वर्षांच्या धंद्यात मी पाहिलेलं नाही.

तुम्ही यादीबद्दल विचारलंत, पण मला तुमच्यापुढे दोन वेगळेच प्रश्न दिसतात. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडे निघालं असताना, तहसील कार्यालयात गाडीची गरज पडली की तुमचा नंबर कोणाला आठवेल? आणि पाणी ओसरल्यावर, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर, तुमचं बिल कशाच्या जोरावर निघेल? पहिल्यासाठी मे महिन्यात हालचाल करावी लागते. दुसऱ्याची तजवीज माल भरताना आणि उतरवताना, पावसात उभं राहून करावी लागते. माझे पैसे या दुसऱ्या ठिकाणी अडकले होते, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

माझं ट्रान्सपोर्ट पुलाची शिरोलीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, महामार्ग आमच्या दारात बंद झाला आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. दोन्ही वेळा माझ्या गाड्या मदतीच्या कामावर होत्या, पण गाडी कामावर लागण्याची वाट दोन्ही वेळा वेगळी होती. एकूण वाटा तीन आहेत.

पहिली वाट अधिग्रहणाची. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरण, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले अधिकारी, मदतकार्यासाठी तुमची गाडी लेखी आदेशाने ताब्यात घेऊ शकतात. वाजवी कारणाशिवाय नकार दिला तर कलम ५१ खाली शिक्षा आहे. याला घाबरायचं कारण नाही, कारण लगेच पुढचं कलम ६६ मालकाच्या बाजूने आहे: त्या भागात अशा गाडीला जो भाड्याचा दर चालू असेल त्याच्या आधारे मोबदला ठरवायचा, आणि तो पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत अर्ज करून प्रकरण लवादाकडे नेता येतं. म्हणून आदेशाची प्रत हातात पडल्याशिवाय गाडी हलवू नये असं मी सांगतो. रात्री दोनला कोणी पुलावर अडकलंय म्हणून फोन आला तर अर्थातच गाडी काढा, कागद मागत बसू नका. फक्त त्याच वेळी फोन करणाऱ्या अधिकाऱ्याला व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा: 'आपल्या तोंडी सूचनेनुसार गाडी क्रमांक अमुक, इतक्या वाजता, अमुक ठिकाणी पाठवत आहे.' दुसऱ्या दिवशी त्या ओळीच्या आधाराने लेखी आदेश मागता येतो. मी मागितला आहे आणि मिळालाही आहे.

आदेशात तीन गोष्टी बघा: गाडी कोणत्या तारखेपासून कोणत्या वेळेपासून घेतली, डिझेल कोण टाकणार, आणि दर दिवसावर की किलोमीटरवर. पुरात गाडी दिवसाला चाळीस किलोमीटरही चालत नाही. रस्ता सुटेपर्यंत, हमाल येईपर्यंत, होडी लागेपर्यंत ती उभीच असते. किलोमीटरचा दर असेल आणि हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचं भाडं, धरलेलं नसेल, तर ड्रायव्हरचा भत्ताही सुटणार नाही. हे आदेश निघतानाच नम्रपणे बोलून घ्या. नंतर बोललं की ते भांडण वाटतं.

दुसरी वाट ठेक्याची. रेशनचं धान्य सरकारी गोदामातून दुकानापर्यंत नेण्याचे ठेके निविदेने निघतात, आणि पुराच्या वेळी मोफत वाटायचं धान्यही बहुतेक याच साखळीतून फिरतं. २०१९ ला पूरग्रस्त कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ देण्याचं ठरलं होतं, ते आठवत असेल. या निविदांसाठी महाटेंडर या राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावर नोंदणी, डिजिटल स्वाक्षरी, अनामत रक्कम, मागच्या वर्षांची उलाढाल, तशा कामाचा अनुभव आणि स्वतःच्या नावावरच्या गाड्या असं सगळं लागतं. केंद्राच्या जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरही वाहतूक सेवेची नोंद करता येते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आधी ती करून घ्या. ती मोफत आहे, आणि बऱ्याच निविदांत लहान उद्योगांना अनामतीची सूट असते.

तरी खरं सांगतो, तीन गाड्यांवर मुख्य ठेका मिळणं अवघड आहे. निविदेच्या अटी तुमच्यासारख्याच्या आवाक्याबाहेर असतात. तुम्हाला जमेल ते मुख्य ठेकेदाराकडे गाडी लावणं. त्याआधी त्याच्या करारात पोटठेकेदार लावायला परवानगी आहे का, हे विचारा. नसेल तर तुमची फेरी कागदावर दुसऱ्याच गाडीच्या नावाने जाईल, आणि उद्या पोती कमी भरली तर तुमचा ड्रायव्हर विनाकारण अडकेल. मदतीचा माल सोपवलेला असताना त्याचा अपहार झाला तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्याच कलम ५३ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. चार पोत्यांच्या घोळात एवढं ओझं ड्रायव्हरच्या डोक्यावर नको.

तिसरी वाट संस्था, कारखाने, दूध संघ, देवस्थानं आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या मदतीची. इथे मान्यता लागत नाही, लागतो तो विश्वास आणि स्थानिक माहिती. २०१९ ला पुण्या-मुंबईकडून गाड्यांवर गाड्या आल्या. त्यातला बराच माल रस्त्याकडेच्या गावांतच उतरला आणि आतल्या गावांना जुने कपडे सोडून फारसं काही पोचलं नाही. बाहेरच्या मोठ्या ट्रेलरमधला माल जयसिंगपुरात उतरवून तुमच्या आयशरमधून आत नेणं, हे काम तुमच्या हातचं आहे. त्याला भाडं मिळतं, आणि मिळालं नाही तरी किती डिझेल जळणार हे आधी ठरवून करता येतं.

तुमच्यासाठी मी क्रम लावला असता तो असा: अधिग्रहणासाठी तयार राहणं पहिलं, संस्थांचं काम दुसरं, ठेकेदाराकडे गाडी लावणं तिसरं. अर्थात हे तुमच्या परिस्थितीवर आहे. गाड्यांवर हप्ते चालू असतील तर महिनोन्‌महिने बिल थांबणं तुम्हाला झेपणार नाही, मग ठेकेदाराचं कमी पण रोकडं भाडं बरं. साखर कारखान्याशी हंगामाचा करार असेल तर पावसाळ्यात गाड्या मोकळ्या असतात, मग अधिग्रहण सोयीचं.

आता अर्जाबद्दल. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात शिरोळ तहसीलला अर्ज द्या, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला. आवक शिक्का मारलेली तुमची प्रत जपा. आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी आणि ड्रायव्हरच्या लायसनच्या प्रती जोडा. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी असतं. तुमच्या कुठल्या गाडीची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर ते आधीच उरकून घ्या. पुरात फिटनेस संपलेली गाडी कामाला लागली आणि काही झालं, तर विमा कंपनी तेवढंच कारण धरून बसते.

पण बहुतेक मालक अर्जात टनेज लिहितात आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सोडतात: गाडी रात्री उभी कुठे असते. पूर आला की आपल्या जिल्ह्याची बेटं होतात. शिरोलीला महामार्गावर पाणी आलं की कोल्हापूर शहर आणि हातकणंगले तुटतात. केर्लीला पाणी आलं की रत्नागिरी रस्ता बंद, मांडुकलीला आलं की गगनबावडा बंद. तुमच्याकडे अंकलीच्या पुलापाशी पाणी आलं की सांगली तुटते आणि शिरोळच्या पुढे नृसिंहवाडी, कुरुंदवाड, औरवाड, राजापूर, खिद्रापूर ही गावं पाण्याच्या पलीकडे राहतात. माझी सोळा टनांची गाडी शिरोलीत उभी असून कुरुंदवाडला उपयोग शून्य. तिथे आधीपासून उभा असलेला एक छोटा हत्ती त्या दिवशी जास्त मोलाचा. म्हणून अर्जात प्रत्येक गाडीपुढे लिहा: मुक्कामाची जागा, ती कधी पाण्याखाली गेली होती का, तिथून कोणती गावं पूर येऊनही गाठता येतात, हौद्याची लांबी-उंची, ताडपत्री आहे का, ड्रायव्हर कोणत्या गावचा. आमच्या बाजूचा असा कागद एका नायब तहसीलदारांनी टेबलावरच्या काचेखाली घातला होता. पुढच्या पावसाळ्यात पहिला फोन मला आला.

जमलं तर एक आयशर पाणी ४० फुटांवर गेल्याबरोबर पलीकडच्या बाजूला ओळखीच्या उंच जागी नेऊन ठेवा. दोन दिवसांचं भाडं बुडेल, पण गाडी खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.

आता बिलाकडे येतो. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे तातडीच्या वेळी निविदा न काढता खरेदी करता येते, म्हणून लोकांना वाटतं की पुरात कागदाला कोण विचारतो. अनुभव नेमका उलटा आहे. निविदा नव्हती म्हणूनच लेखापरीक्षणात एकेका फेरीचा पुरावा मागतात. २०१९ ला माझ्या एका गाडीने शाळांमधल्या निवारा केंद्रांवर अकरा फेऱ्या केल्या. तांदूळ, पाण्याचे बॉक्स, चटया. प्रत्येक फेरीला पोच घेतली होती. बिल सादर केलं तेव्हा त्यातल्या तीन पावत्या बाजूला काढल्या गेल्या. मी त्या हातात घेऊन पाहिल्या. सही जेल पेनने केलेली होती, कागद ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशात भिजला होता, आणि सहीच्या जागी फक्त निळा डाग पसरला होता. गावाचं नाव वाचता येत होतं, पोत्यांचा आकडा वाचता येत होता, माल कोणी घेतला ते मात्र वाचता येत नव्हतं. ज्या शिक्षकांनी सही केली होती त्यांची तोवर बदली झालेली. समोरचा कारकून वाईट नव्हता, त्याच्याही हातात काही नव्हतं. त्या तीन फेऱ्यांचे पैसे मिळाले नाहीत. बाकीच्या आठ फेऱ्यांचे मिळायला चौदा महिने लागले.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक गाडीत केबिनच्या टपाला बांधलेली एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात कार्बन लावलेलं तीन प्रतींचं पोच पुस्तक, दोन साधी बॉलपेनं आणि एक शाईचं पॅड. जेल पेन गाडीत ठेवायचंच नाही. पावतीवर आदेशाचा क्रमांक, गाडी क्रमांक, माल भरल्याची वेळ, पोचल्याची वेळ, उतरवून रिकामी झाल्याची वेळ, नगांची संख्या, घेणाऱ्याचं नाव अक्षरात, हुद्दा, मोबाइल नंबर आणि सही. तलाठी, ग्रामसेवक किंवा केंद्रप्रमुख यांपैकी कोणीच नसेल तर पोलीस पाटलांची सही घ्या. उतरवताना गाडीचा नंबर आणि माल एकाच चौकटीत येईल असा एक फोटो काढायला सांगा. भरल्याची, पोचल्याची आणि रिकामी झाल्याची अशा तिन्ही वेळा लिहायचं कारण हॉल्टिंग. गाडी सहा तास उभी होती हे दुसऱ्या कशानेही सिद्ध होत नाही. लॉगबुकवर रोजच्या रोज सही घ्या, आठवड्याची एकदम नको.

पैसे उशिरा येतात त्याला सगळा दोष कार्यालयाचा नसतो. बिल तहसीलवरून जिल्ह्याला जातं, त्या लेखाशीर्षाखाली बीम्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, अनुदान येईपर्यंत कोषागारात सादरच होत नाही. पण अनुदान येतं तेव्हा ज्यांची बिलं नीट लावून तयार असतात ती आधी जातात. म्हणून काम संपल्यापासून पंधरा दिवसांत बिल द्या: आदेशाची प्रत वर, त्याखाली तारखेप्रमाणे पावत्या, मग लॉगबुक, शेवटी पॅन आणि रद्द केलेला चेक.

कराचंही थोडक्यात. बिल्टी (मालवाहतुकीची पावती) देऊन नेलेल्या आपत्तीग्रस्तांच्या मदतसाहित्याचं भाडं जीएसटीतून माफ आहे, तसंच धान्य, दूध आणि मिठाचंही. त्यामुळे बिल्टीवर नुसतं 'किराणा' न लिहिता 'पूरग्रस्तांसाठी मदतसाहित्य' असं लिहा. तुमच्या १० पेक्षा जास्त गाड्या नाहीत, तेव्हा पॅनसह तसं लेखी दिलंत तर भाड्यातून प्राप्तिकराची कपात होत नाही. तुमच्या सीएंना एकदा दाखवून घ्या.

माल भरण्याविषयी दोन गोष्टी, कारण तिथे चूक झाली तर पैशाहून मोठं नुकसान होतं. पाणी उतरल्यावर गावांना पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जाते. ती धान्याच्या गाडीत कधीही चढवू नका. कोपऱ्यात दोन पिशव्या मावतात म्हणून कोणीतरी टाकायला सांगेल. ओल लागली की पिशवी फुटते, वास आणि पावडर तांदळात जाते, आणि निवारा केंद्रातली लहान मुलं तो भात खातात. ठाम नकार द्या, वेगळी फेरी करा. दुसरं, चाऱ्याला टन बघू नका. उसाचं वाडं किंवा कडबा भरला की हौदा वजनाच्या कितीतरी आधी भरतो, त्यामुळे चाऱ्याचा दर टनावर ठरला तर बुडालात. फेरीवर ठरवा.

गाडीच्या बाबतीत ड्रायव्हरला एकच सक्त ताकीद हवी. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपनी हे नुकसान सहसा देत नाही. पाण्यातून आलेल्या गाडीचं मागच्या हौसिंगचं ऑइल त्याच आठवड्यात काढून बघा. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. ऑइल आणि हबचं ग्रीस बदलल्याशिवाय ती गाडी घाटात पाठवू नका.

राहिला चौथ्या गाडीचा प्रश्न. घेऊ नका, निदान या कामासाठी नको. आपल्याकडचे मोठे पूर आठवा: २००५, मग २०१९, मग २०२१. मध्ये एकदा चौदा वर्षं गेली, एकदा दोन. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. शिवाय पुरात कमी पडतात त्या लहान गाड्या, मोठ्या नव्हेत, आणि त्या तुमच्याकडे आहेत. त्याऐवजी प्रत्येक आयशरला दुसरी चांगली ताडपत्री घ्या, हौद्यात खाली टाकायला लाकडी फळ्या घ्या म्हणजे तळाची पोती भिजणार नाहीत, आणि पलीकडच्या बाजूला गाडी उभी करायला एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्याची सोय आताच बोलून ठेवा. तरीही चौथी गाडी घ्यावीशी वाटली, तर साखरेच्या आणि कास्टिंगच्या भाड्यावर तिचा हप्ता निघतो का ते मांडून बघा, आणि त्या हिशेबात पुराच्या कामाचं उत्पन्न शून्य धरा.